कार्डावरची दोन वर्षं

तोंडातून शब्द निसटला तेव्हा मालसूनबाई मुळा चिरत होत्या. लेक हेरीम दुकानात येऊन सांगत होती की ऑकलंडची नोकरी पक्की झाली, मंगळवारचं विमान. बाईंना रडू आलं असतं, पण गिऱ्हाइकासमोर रडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "मग रविवारी त्या छताखालच्या खेळांच्या बागेत जाऊ. रोलर कोस्टरवर बसू, दोघी."

हेरीम बघतच राहिली. "तू? स्टुलावर चढून बरणी काढता येत नाही तुला."

"बसणार म्हटलं ना!"

आणि पुढचे चार दिवस बाई किमचीत दोनदा मीठ घालत राहिल्या.

सोल शहराच्या त्या बाजारात मालसूनबाईंना कोणी भित्री म्हटलं तर त्याची खैर नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी किमची नि तोंडीलावणी विकली, नवरा गेल्यावर दुकान एकटीने रेटलं, कोबीच्या व्यापाऱ्याला चारचौघांत सुनावलं. पण उंचीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी दहा वर्षांच्या हेरीमला घेऊन त्या याच कोस्टरच्या रांगेत उभ्या होत्या. शेवटच्या फाटकाशी आल्या आणि "पाणी घेऊन येते हं" म्हणून बाजूच्या दाराने सटकल्या. पोरगी एका अनोळखी माणसाशेजारी बसून गेली. उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक. बाईंनी तिला तांदळाच्या वड्यांची तिखट तोकबोक्की घेऊन दिली, तिने ती मुकाट्याने खाल्ली. त्या दिवसाबद्दल दोघींत पुढे एक अक्षर निघालं नाही. हेरीम वाईट वागली असं नाही. फोन करायची, औषधं आणून द्यायची. फक्त कशासाठीही आईवर विसंबायची नाही. हे बाईंना कळत होतं, आणि मंगळवारनंतर ते निस्तरायला जागाच उरणार नव्हती.

रविवारी आत पाय टाकला नि गाडी डोक्यावरून धडधडत गेली. खाली बर्फाच्या रिंगणात मुलं घसरत होती, वर काचेचं छत. किंचाळ्यांना बाहेर पडायला वाट नाही, त्या छताला आपटून पुन्हा खाली यायच्या. रांगेत पुढे भाड्याचे शाळेचे गणवेश घालून आलेल्या पंचविशीतल्या मुली खिदळत होत्या. हेरीमने बाईंच्या कुरळ्या केसांवर सशाचे कान बसवले.

"काय काय होतं ते नीट सांग," बाई म्हणाल्या.

"आधी बोगदा. काळोख. मग साखळीवर खट खट करत वर. ते सगळ्यात वाईट, कारण काहीच होत नसतं आणि होणार हे माहीत असतं. मग खाली. मग दोन उलटे वळसे. डोकं मागे टेकव, दात मिट. दीड मिनिटाचा खेळ."

"दीड मिनिटात माणूस मरतो."

"मरत नाही, ओरडतो."

"आणि उलटं झाल्यावर कवळी पडली तर?"

"तुला कवळी कुठंय, आई?"

"तोवर लागेल ना!"

हेरीम हसली. बाई हसल्या नाहीत, त्यांची नजर नियमांच्या पाटीवर खिळली होती. रक्तदाब असेल तर नको, गरोदर असाल तर नको, पासष्टच्या पुढे नको.

ओळखपत्राच्या कार्डावर बाई चौसष्टच्या होत्या, खऱ्या सहासष्टच्या. त्यांच्या गावात तेव्हा लेकरं टिकत नसत, म्हणून वडिलांनी मूल जगतंय का ते दोन वर्षं पाहिलं आणि मग नोंद केली. त्या पिढीत असे पुष्कळ. कोरियात प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं; म्हणजे घरच्यांसाठी बाई डुकराच्या वर्षातल्या, सरकारसाठी बैलाच्या. या दोन वर्षांचा त्यांना भारी राग. शाळा उशिरा, पेन्शन उशिरा, पासष्टला मिळणारा मेट्रोचा फुकट पास तर अजून नाही.

फाटकाशी एक मुलगी हात नाचवत, गाण्याच्या चालीवर सूचना देत होती. चष्मे काढा, कान काढा, मोबाइल कपाटात टाका. बाईंकडे पाहून ती थांबली. "मावशी, कार्ड बघू हं. चौसष्ट, चालतंय! बैलाचं वर्ष ना? माझी आईपण बैलाचीच. या, बसा."

बाजूचं दार तिथेच होतं. रंग तेवढा नवा.

"मी डुकराच्या वर्षातली," बाई म्हणाल्या. "वडिलांनी नोंद उशिरा केली. सहासष्ट पूर्ण आहेत मला. नियम म्हणजे नियम, नाही का गं?"

इतकं खरं त्या जन्मात बोलल्या नसतील, आणि इतक्या लबाडीने.

मुलीचे हात हवेतच राहिले. "अहो मावशी, खरंच सहासष्ट असतील तर मला बसवता नाही येणार. कार्ड म्हणतंय चौसष्ट. मी कुठलं धरू? मागे रांग आहे हो."

बाईंनी चोरून हेरीमकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, हेच वाईट. सशाचे कान तिने आईच्या डोक्यावरून काढले आणि पर्समध्ये ठेवले. "असू दे, आई. तू बाहेर थांब, मी जाऊन येते." ती गाडीत जाऊन बसली आणि जो कोणी येईल त्याच्यासाठी जागा सोडून पलीकडे सरकली.

सव्वीस वर्षांपूर्वीही ती अशीच सरकली असेल, असं बाईंच्या मनात आलं.

"कार्डावरचं धर," त्या म्हणाल्या.

"अं?"

"कार्डावरचं धर म्हणते ना! सरकारी कागद काय खोटा असतो?"

मांडीवर दांडा खाली आला. दोन वर्षं पहिल्यांदाच उपयोगी पडली, आणि तीही मरायला, असं बाईंच्या मनात आलं. गाडी हलली. बोगदा, काळोख, मग खट खट खट. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. तो बर्फासारखा गार होता.

"तुझा हात का गार पडलाय?"

"भीती वाटतेय मला."

"तुला? तुला तर सगळं पाठ आहे."

"वाचलंय नुसतं, इंटरनेटवर." हेरीम म्हणाली. "त्या दिवसानंतर मी कधी बसलेच नाही, आई."

खटखट थांबली. पुढे रूळ दिसत नव्हता.

"मी आहे," मालसूनबाई म्हणाल्या. डोळे गच्च मिटून घ्यायचं त्यांनी चार दिवसांपासून ठरवलं होतं. लेकीकडे बघता यावं म्हणून त्यांनी ते उघडे ठेवले.