तिकडं असंच म्हणतात

आमच्या ह्यांना बियाण्याच्या कंपनीकडून बँकॉकची सहल लागली आणि त्यांनी त्या सहलीला सासूला पाठवलं. टेंभुर्णीत ही गोष्ट अजून चवीने सांगितली जाते.

त्याचं असं झालं. ह्यांचं गावात कृषी सेवा केंद्र आहे. त्या वर्षी सरकीची पाकिटं चांगली खपली म्हणून कंपनीने दोघांची तिकिटं दिली. बँकॉकचं नाव आमच्याकडे कुणी सरळ तोंडाने घेत नाही. दुकानाच्या बाकावर बसणारी मंडळी भुवया उडवायला लागली, आणि ह्यांनाही सुरुवातीला गुदगुल्या झाल्याच. पण आमचा हा गडी फवारणीच्या विषाला भीत नाही, विंचवाला भीत नाही, विमानाला भितो. "सीझन तोंडावर आलाय, माल उतरवायचाय," असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. गोदाम तेव्हा रिकामंच होतं आणि माल यायला अजून अवकाश होता.

"मंग माझ्यासंगं कोण?" मी विचारलं.

"मामींना ने की. बुद्धाचा देश हाय तो. त्यांना बरं वाटंल."

हे मात्र ते मनापासून बोलले. मामी म्हणजे माझी आई. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त बाजाराची गल्ली, त्यामुळे आईचं काय बिनसलंय ते ह्यांना ठाऊक होतं.

आई विहारात वंदना घ्यायची. तिने 'नमो तस्स' सुरू करायचं आणि बायांनी तिच्या मागून म्हणायचं, हे मला कळायला लागल्यापासून चालत आलेलं. आदल्या बुद्धपौर्णिमेला ती पंचशिलात अडकली. पाचवं शील, दारूपासून लांब राहण्याचं. "सुरामेरय…" म्हणाली आणि पुढचं काही केल्या आठवेना. मग पुढे बसलेल्या एका नव्या सुनेने ते घडाघडा पूर्ण केलं. वाईट कुणीच बोललं नाही. चपला घालताना एक बाई नुसती "वय झालं आता बाईचं" म्हणाली, आणि नेमकं तेच आईने ऐकलं. त्यानंतर ती विहारात गेली नाही. विचारलं की म्हणायची, "गुडघे दुखून राह्यले, पायऱ्या चढवत न्हाईत." आमच्या विहाराला पायऱ्याच नाहीत.

घरातही ती गप्प गप्प राहायला लागली होती. जिच्या आवाजाने गल्ली जागी व्हायची ती बाई टीव्हीसमोर बसून मालिका संपली तरी तशीच बघत राहायची. मला ते बघवत नव्हतं. आई परत विहारात पुढे बसली पाहिजे, एवढं एकच मनात धरून मी तिला घेऊन निघाले.

गटात आम्ही दोघी सोडल्या तर सगळे दुकानदार, सगळे पुरुष. पांढरं पातळ नेसलेली आई बसमध्ये चढली आणि सगळ्यांची तोंडं उतरली. शहागडचा एक दुकानदार होता. त्याचं दुकान हायवेला, त्यामुळे ट्रकच्या वर आवाज चढवायची सवय लागलेली. तो म्हणाला, "मावशी हायेत म्हणल्यावर झालं! आपली सहल म्हणजी शाळेची सहल."

"मंग नीट बस रांगेत," आई म्हणाली.

सहलीत एक दिवस अयुथ्याचा होता. जुनी राजधानी, पडलेली देवळं, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. दुकानदारांना त्याऐवजी मॉलमध्ये जायचं होतं. त्यांची आपसात कुजबुज चालली होती तोवर आई बसमध्ये पहिल्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. आता हिला उठवणार कोण? सगळे मुकाट्याने चढले. वाटेत शहागडकरांनी गाइडकडून गावाचं नाव पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं आणि जाहीर केलं, "अरे, ही तर अयोध्या! एवढ्या लांब कशी आली?"

गाइड पोट सुटलेला, हसरा, हातात मिटलेली छत्री. आपल्याकडच्या प्रवाशांकडून त्याने जेवढी लागेल तेवढी हिंदी उचलली होती. "चलो चलो, जल्दी जल्दी, फोटो, टॉयलेट, जल्दी."

"हा आपल्या औरंगाबादकडचा दिसून राह्यला," आई खुशीत म्हणाली.

उतरलो तर ऊन असं की चपलेतून पाय भाजावेत. विटांचे उंच काळपट स्तूप, एक तर पार कललेला. आईने चारी बाजूंनी बघून घेतलं. "ऊन बराबर आपल्यासारखंच हाय. विटाबी आपल्यासारख्याच. मंग विमानाचा एवढा खर्चा कशापायी?"

मग ती एकदम थांबली. भिंतीच्या कडेने बुद्धाच्या मूर्ती ओळीने बसलेल्या होत्या. मांडी घातलेल्या, हात मांडीवर, आणि एकीलाही डोकं नव्हतं. आईने गाइडला स्वतःच्या मानेकडे बोट करून विचारलं, "कुठं गेली?" त्याने हवेत छत्री तलवारीसारखी फिरवली. "लडाई. बर्मा. बाकी चोर. चोर बेचा."

"इकली?" आई माझ्याकडे वळली. "बुद्धाचं डोकं इकलं?"

तेवढ्यात गॉगल लावलेला एक दुकानदार चौथऱ्यावर चढून एका मूर्तीच्या मागे उभा राहिला. धड बुद्धाचं आणि वर आपलं तोंड, असा फोटो त्याला हवा होता. "ए बाबा! उतर खाली! बिलकुल लाज न्हाई?" आई अशी ओरडली की तो गॉगलसकट खाली आला. जपानी, चिनी, जे कुणी आसपास होते तेही चौथऱ्यापासून लांब सरकले. गाइडने आईला कमरेत वाकून नमस्कार केला. त्याचं रोजचं काम तिने फुकटात करून टाकलं होतं.

तिथे एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं एक डोकं धरून ठेवलं आहे. मुळं वाढत गेली आणि चेहरा त्यांच्यात राहिला. त्याच्याजवळ फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्या वर जाता कामा नये. आईने बसून बघितलं, जमेना. उभी राहिली की रखवालदार हात खाली करायचा.

"ह्यो बस म्हणून राह्यला आन् गुडघे उभी ऱ्हाय म्हणून राह्यले. मी कुणाचं ऐकू?"

फोटो राहिला. मी म्हटलं, "बरं, वंदना तरी म्हण इथं."

"एवढ्या लोकांत? न्हाई."

"अगं, इथं चुकलं तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल ना," ती म्हणाली आणि बसकडे चालू लागली.

माझा जीव रडकुंडीला आला. एवढ्या लांब आणून बाई बुद्धासमोरूनही गप्पच परत चालली होती. जेवणाच्या ठिकाणी प्रत्येक भांड्याला मासळीचा वास. आई कोरडा भात चिवडत बसली, तेव्हा शहागडकर शेजारी आले आणि पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. "घ्या मावशी. रांगेतच बसलोय." आई हसली आणि दोन घास जास्त जेवली, पण माझ्याशी बोलली नाही.

शेवटचं ठिकाण पडक्या स्तूपांना लागून असलेलं एक चालतं देऊळ होतं. पत्र्याच्या सावलीत चटया अंथरलेल्या, पांढऱ्या झंपरातल्या काही बाया बसलेल्या, आणि त्यांच्या पुढे आईच्याच वयाची एक म्हातारी मोठ्याने काहीतरी म्हणत होती. मी लक्ष दिलं नाही. आईने कान टवकारले.

"नमो तस्स म्हणून राह्यली ती."

खरंच की. 'नमो तस्स फखवतो अरहतो सम्मासम्फुत्थस्स.' आईच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि लगेच आठी.

"चुकून राह्यली! किती चुकून राह्यली! कुणी सांगत कसं न्हाई हिला?"

आणि सांगायला ती स्वतः गेली. चटईवर जाऊन चक्क बसली. गुडघे बहुतेक बसमध्येच विसरली होती. ती म्हातारी 'फुत्थं सरणं खच्छामि' म्हणाली की आई खणखणीत 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणायची, पोराला बाराखडी शिकवावी तशी. म्हातारीने वळून बघितलं, तोंडभर हसली आणि तिनेही आवाज चढवला. दोघींचे आवाज पत्र्याला लागले. बाकीच्या बाया मान डोलवत होत्या. मागे आमचे दुकानदार चपला काढून हात जोडून उभे होते. पहिलं शील झालं, दुसरं झालं. पाचवं जवळ यायला लागलं तसा मी पत्र्याचा खांब धरला.

"सुरामेरय…" आई थांबली. तिथेच, तसंच.

पण म्हातारी थांबली नाही. आपल्या त्या वाकड्यातिकड्या उच्चारांत ती पुढे जात राहिली आणि जाता जाता तिने आईच्या हातावर नुसता हात ठेवला. शेवटी प्रत्येक शिलात येणारं 'वेरमणी' ऐकू आलं, ते आईने पकडलं आणि शील दोघींनी मिळून पूर्ण केलं. शेवटचं 'साधू साधू साधू' तिकडच्या तोंडी 'साथू' होतं. मी त्या खांबाला टेकून रडत होते. मला लाज वाटली नाही.

उठताना म्हातारीने आईला नाकाशी धरून हुंगायची कापराच्या वासाची इवलीशी डबी दिली. आईने तिला उरलेलं धपाटं दिलं. गाइड जल्दी जल्दी करत होता. मॉल केव्हाच बुडाला होता, पण शहागडकरांनी बसच्या दारात उभं राहून त्याला सांगितलं, "मावशी येऊ द्या आधी."

बसमध्ये आई बराच वेळ डबी हुंगत होती. मग म्हणाली, "चुकती. पण थांबत न्हाई बघ."

"चुकत नाही गं. त्यांच्याकडे तसंच म्हणतात."

"तसंच?"

"तसंच."

आईने डबी पदराच्या गाठीला बांधली आणि झोपली.

परत आल्यावर पहिल्याच पौर्णिमेला ती विहारात गेली आणि पुढे बसली. ती नवी सून आपणहून बाजूला सरकली. पाचवं शील आलं. आई अडखळली, पण थांबली नाही. मधली दोन अक्षरं खाल्ली, दोन आपल्या मनाची घातली आणि ठणठणीत आवाजात 'वेरमणी'ला पोचली. सुनेने चमकून वर बघितलं.

"काय बघती?" साधू साधू झाल्यावर आई म्हणाली. "थायलंडात असंच म्हणतात."

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. थायलंड बघितलेली तिथे दुसरी मीच होते. आई जे म्हणाली ते थायलंडात म्हणत नाहीत, आणि जगात दुसरीकडे कुठेही म्हणत नसतील.

"हो," मी म्हटलं, "माझ्या कानांनी ऐकलंय."