वर चूल, खाली कणगी

अर्धापूरच्या केळीपट्ट्यात आमचं गाव, आणि गावाच्या पूर्वेला हणमंतरावांचं शेततळं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, खोल. अशी तळी आमच्याकडं पुष्कळ आहेत. पण ज्याला जीव लावणारं माणूस मिळालं असं तळं हे एकच. त्या माणसाचं नाव नागुबाई.

नागुबाई बिलोलीकडची लेक. तिनं आणि नवऱ्यानं, लिंबाजीनं, आयुष्यभर केळीचे घड वाहिले. लिंबाजी गेला, तिची मान धरली, ओझं उचलवेना, तेव्हा ती हणमंतरावांच्या दारात जाऊन उभी राहिली. "भाऊ, तळं नुसतं पाणी धरून बसलंय. मला मासे सोडू द्या. निम्मे तुमचे."

मासे पाळणं ना तिच्या माहेरी होतं, ना सासरी. तरी ती शिकली. शेणकाला तळ्यात ओतायचा, त्यानं पाणी हिरवं होतं, आणि त्या हिरव्याच्या जिवावर मासा वाढतो. लोक म्हणत, पाणी शेवाळलं. ती म्हणायची, "शेवाळ न्हाई बाबा, माझं कुरण हाय ते."

त्या कुरणावर गेल्या उन्हाळ्यात संकट आलं. ठिबकचा फिल्टर तुंबायला लागला. हिरवा गाळ चाळणीत बसायचा, नळ्यांची भोकं बुजायची, आणि घड धरलेल्या केळी उन्हात तहानलेल्या उभ्या राहायच्या. आमच्याकडं मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात फिल्टर स्वच्छ राहायचा आणि दिवसाची पाळी आली की तुंबायचा. हणमंतरावांनी त्याचा सरळ अर्थ काढला.

"नागुबाई, माझी मोटार दिवसा लागली की तुम्ही मुद्दाम शेण ओतून राहिल्या का?"

"हाव तर! तुमच्या मोटारीशी माझी भाऊबंदकीच हाय ना!"

"हसू नका. केळी वाळून राहिल्या माझ्या. सोमवारी मोरचूद टाकतो. हिरवं मरंल, पाणी निवळंल."

"आन् मासे?"

हणमंतराव फिल्टरकडं वळले. मोरचुदानं मासेही उलथे पडतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी नागुबाईनं चूल पेटवली नाही. शनिवारी तिच्या भावाची लेक ज्योत्स्ना नांदेडहून आली. कॉलेजात शास्त्र शिकते ती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "आत्या, शेण तू कधी टाकतेस?"

"रोज सांजच्याला. लाईट कवाची का असंना."

"मग फरक शेणाचा नाही, हिरव्याचाच असेल."

तिनं काचेची बाटली तळ्याच्या पाण्यानं भरली आणि अंधाऱ्या घरात, फक्त दारातून उजेड पडेल अशी ठेवली. भाकरी थापून होईपर्यंत बाटलीतलं हिरवं दाराच्या बाजूला जमलं.

"अगं, हे तर चालून राहिलंय!"

"पोहतंय, आत्या. एकेका कणाला दोन शेपट्या असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. दिवसा उजेडासाठी वर येतं, उन्हावर आपलं अन्न शिजवतं. पण लागणारं खत तळाशी साठलेलं. म्हणून दिवस मावळला की खाली उतरतं."

नागुबाईनं बाटली फिरवून बघितली. "म्हणजे वर चूल आन् खाली कणगी. रोज खालून दाणा आणायचा, वर येऊन शिजवायचा. बायाच की गं ह्या!"

रविवारी दोघींनी हणमंतरावांना तळ्यावर बोलावलं. ज्योत्स्नानं बाटलीला दगड बांधला, बुचाला दोरी लावली. बाटली खोल सोडून बूच ओढलं की तिथलंच पाणी आत शिरायचं. भर दुपारी वरचं पाणी हिरवंगार निघालं आणि खोलातलं निवळ. दिवस बुडाल्यावर तीच बाटली पुन्हा सोडली, तर वरचं फिकं आणि खालचं गडद.

हणमंतरावांनी दोन्ही पाणी हातात धरलं. मग त्यांची नजर मोटारीच्या पाइपाकडं गेली. त्याचं तोंड रिकाम्या डब्याला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेलं होतं; गाळ ओढू नये म्हणून सगळ्यांचंच तसं असतं.

"आयला," ते म्हणाले, "दिवसा मी ह्यांच्या चुलीतच पाइप घालून बसलो की!"

"आन् आळ माझ्यावर," नागुबाई म्हणाली.

"चुकलं, नागुबाई. लांब दोर आणतो. दिवसा तोंड खाली सोडू, कागदाच्या वर हातभर. रात्री पुन्हा वर."

सोमवारी दिवसाची पाळी आली, मोटार लागली. हणमंतरावांनी स्वतः दोर ढिला सोडला. दुपारी फिल्टर उघडला, तेव्हा नागुबाईनं पदर मुठीत आवळून धरला होता. चाळणीवर चिमूटभर गाळ निघाला. ओळीतल्या शेवटच्या केळीखाली पाणी टपटपत होतं.

मोरचुदाची पिशवी हणमंतरावांनी चुन्यात कालवून बांधावरच्या मोसंबीच्या बुंध्यांना लावून संपवली. पुढं मासे निघाले, तेव्हा पहिला मोठा कटला नागुबाईनं ज्योत्स्नाच्या घरी धाडला आणि दुसरा हणमंतरावांच्या घरी, त्यांच्या निम्म्यात न धरता.

आता सांजच्याला ती शेणकाला वरून फेकत नाही. जुन्या नळीतून तळाशी सोडते. दिवस मावळताना काठावर वाकून पाण्याला सांगते, "या बायांनो, उतरा. तुमच्यामुळं माझी चूल पेटती. तुमच्या कणगीत वाढून ठेवलंय."