माधवी टीचरच्या अंगणातले डेलिया

पिरनवाडीत आमच्या गल्लीच्या टोकाला माधवी सुळगेकर राहतात. बेळगावातल्या एका हायस्कुलात त्या मराठी शिकवतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना माधवी टीचर म्हणते. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ उपेंद्र, एवढी दोनच माणसं. त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं आमच्या कानावर आपसूक येतं, आणि उरलेलं टीचर माझ्या बायकोला सांगतात. सांगायला त्यांना दुसरं फारसं कोणी नाही.

उपेंद्र डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये लागला होता. कामाला चोख, बोलायला मोकळा. पंचविशी ओलांडली तशी एकदा तो भर दुपारी घरी आला आणि तेव्हा हयात असलेल्या आईला म्हणाला, लेथ मशीन माझ्याविषयी बोलूलालंय. आईला वाटलं, थट्टा करतोय. पुढं तो पंख्याला, नळाच्या पाण्याला, रस्त्यावरच्या टेम्पोलाही उत्तरं द्यायला लागला. अंगारे झाले, दवाखाने झाले. गोळ्या सुरू झाल्यावर ते आवाज थांबले, पण त्याचं स्वतःचं बोलणंही त्यांच्याबरोबरच गेलं. टीचरना तेव्हा स्थळं येत होती. भावाचं कळलं की ती माणसं चहा संपवून उठत आणि पुन्हा निरोप येत नसे. आई गेली तोवर स्थळं यायचीही थांबली होती.

मग कित्येक वर्षं त्या घरात काहीच घडलं नाही. टीचर सकाळी डबा करून जात, संध्याकाळी येत. उपेंद्र पायरीवर बसलेला असे, तो संध्याकाळीही तिथंच असे.

डॉक्टर म्हणाले, त्याच्या हाताला काहीतरी काम द्या. टीचरनी खडे बाजारातून डेलियाच्या बियांचं एक पाकीट आणलं. डेलियाच का, तर पाकिटावरचं चित्र आवडलं म्हणून. त्या घरात तोवर तुळशीशिवाय काही लावलेलं नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी शेणखत आणि माती एका पसरट टबात भरली, बी पेरलं आणि पाणी घालायचं काम उपेंद्रला दिलं. तो जाता-येता पाणी घालायचा. बी उगवलं, नाजूक दोन-दोन पानं आली, आणि एका सकाळी निम्मी रोपं मातीलगत कुजून आडवी झालेली दिसली. टीचरनी व्हिडिओ परत लावला. पाणी जास्त झालं की असं होतं, असं त्यात सांगितलेलं होतं, पण आधी ते त्यांनी नीट ऐकलंच नव्हतं.

वाचली ती रोपं त्यांनी कुंड्यांत लावली. थंडी पडायला लागली तशी त्यांना फुलं आली. लहान, एकेरी पाकळ्यांची, साधीच. पण एक पिवळं, एक गुलाबी, एक काळपट लाल, एकाच्या पाकळ्यांना पांढरी कड. उपेंद्र प्रत्येक कुंडीसमोर उकिडवा बसून बघायचा. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून एक वाक्य बोलला, आणि टीचरनी ते दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येऊन सांगितलं.

“एकाच पाकिटातली की गं ही, आक्का. आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं न्हाय.”

त्या वाक्यानं टीचरना आशा लागली. ती लागली नसती तर बरं झालं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या.

पुढच्या वर्षी उपेंद्रला मोठी फुलं हवी होती, ताटलीएवढी. ती बियांतून मनासारखी येत नाहीत, चांगल्या झाडाचं कटिंगच लावावं लागतं, हे त्यालाच कुठून तरी कळलं. टीचर त्याला घेऊन बसनं उचगावला गेल्या. तिथं मष्णू नावाच्या माणसाची छोटी नर्सरी आहे. त्यानं गेल्या वर्षीचे जुने गड्डे दिले, रताळ्यांच्या घोसासारखे. ओलसर वाळूत ठेवा, कोंब चार बोटं वाढले की कापून लावा, एवढंच तो म्हणाला. जगतील का, असं टीचरनी विचारलं तेव्हा त्यानं पावसाकडं बोट दाखवलं. पाऊस उघडला तर जगतील.

कोंब आले. टीचरनी ब्लेडनं पेराच्या खालून कापले, खालची पानं काढली आणि वाळूच्या कुंडीत ओळीनं खोचले. वरून पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून झाकणासारख्या ठेवल्या. पण टीचर शाळेला गेल्या की उपेंद्र प्रत्येक कोंब उपसून बघायचा, मुळं फुटली का ते. बघून झालं की परत खोचायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच. सगळे कोंब काळे पडले. तो उपसताना टीचरना एकदा सापडला. त्या दिवशी शाळेत त्यांना कुणीतरी टाकून बोललं होतं, डोकं आधीच तापलेलं होतं.

“काय करूलालास रं?” त्यांचा आवाज भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू आला. “तुझ्या हाताला लागेल ते सगळं मरतंय.”

उपेंद्र आतल्या खोलीत जाऊन बसला. जेवायला आला नाही. पुढचे काही दिवस हात मागं बांधून घरात फिरायचा, भांड्यालाही शिवायचा नाही. ताटातला घास टीचरना भरवावा लागला. शेवटी त्यांनी उरलेल्या गड्ड्यांवरचे नवे कोंब दाखवले, ब्लेड त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, मला नीट जमत न्हाय, तूच काप. बराच वेळ त्यानं ब्लेड नुसतं धरून ठेवलं. मग कापले. इतके स्वच्छ, की टीचरना त्याच्या वर्कशॉपच्या दिवसांची आठवण झाली.

या खेपेला तो कुंडीसमोर बसायचा तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात आपोआप पुढं जाऊ नयेत म्हणून. आमच्या गच्चीवरून ते दिसायचं. मोठा माणूस, दाढी वाढलेली, स्वतःच्या हातांवर बसून वाळूकडं बघतोय. हसू येण्यासारखं होतं, पण आम्हाला कुणालाच हसू आलं नाही.

मुळं धरली. रोपं कुंड्यांत गेली, अंगणभर झाली. उपेंद्र बदलला. पहाटे उठायचा, शेंडे खुडायचा, काठ्या रोवून सुतळीनं खोडं बांधायचा, मोठं फूल यावं म्हणून बाजूच्या कळ्या नखानं काढून टाकायचा. गल्लीतल्या लोकांशी बोलायला लागला. माझ्याशी तर तासभर बोलला एकदा, कळी कशी निवडायची त्याविषयी, आणि मध्येच माझ्या आजारी आईची चौकशी केली. टीचर त्या महिन्यांत नव्या साड्या नेसत होत्या. शाळेतून येताना त्यांची चाल वेगळी असायची.

डिसेंबर सरता सरता पहिलं मोठं फूल उमललं. जांभळट लाल, पाकळ्यांवर पाकळ्या, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढं. मग एकामागून एक. नाक्यावरची माणसं वाट वाकडी करून बघायला यायची, फोटो काढायची.

एका रविवारी टीचर कुंडीतली माती मोकळी करत होत्या. खुरप्याला पांढरे कण लागले. त्यांना वाटलं, खत. बोटांनी चिरडून पाहिलं तर उपेंद्रच्या गोळ्या होत्या. दुसऱ्या कुंडीतही, तिसरीतही. गणपतीपासूनच्या असाव्यात. त्यांनी उपेंद्रला विचारलं तेव्हा त्यानं लपवलं नाही. म्हणाला, “गोळीनं हात थरथरतो, आक्का. ब्लेड सरळ चालत न्हाय.”

त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडं न्यायला हवं होतं. टीचरनी नेलं नाही. समोर भाऊ होता, तोच, लेथवर काम करणारा, आईची थट्टा करणारा. एवढ्या वर्षांनी परत आलेला. आणखी थोडे दिवस, असं त्यांनी मनाशी ठरवलं. फुलं संपेपर्यंत.

तेवढे दिवस मिळाले नाहीत. उपेंद्रची झोप गेली. फोटो काढणारे फोटोतून फुलांचा जीव ओढून नेतात, असं तो म्हणायला लागला. ऊन चढलं की चादरी आणून झाडांवर टाकायचा आणि फाटकाशी उभा राहायचा. टीचर समजावायच्या, तो मान डोलवायचा आणि परत फाटकाशी जायचा. पलीकडच्या जयाबाईंची नात आरोही, दुसरीतली पोर, एकदा चादरीखाली डोकावून फुलाला हात लावायला गेली. त्यानं तिला ढकललं. ती पायरीवर पडली आणि कपाळ फुटलं. रक्त बघून तो स्वतःच जास्त ओरडला. माणसं जमली. कुणी त्याचे हात धरले, कुणी पोलिसांना बोलवा म्हणालं. टीचर पोरीला पदरात धरून दवाखान्यात घेऊन गेल्या, टाके पडेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी जयाबाई त्यांच्याकडं गेल्या. भांडायला गेल्या असं आम्हाला वाटलं. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या.

“पोरीचं कपाळ भरून येतंय, माधवी,” त्या म्हणाल्या. “मी पोलिसात जाणार न्हाय. पण त्याला घरात ठेवू नको आता. त्याच्यासाठी म्हणून सांगतोय.”

दुसऱ्या दिवशी मी आणि टीचर त्याला गाडीतून धारवाडच्या मनोरुग्णालयात घेऊन गेलो. वाटेत कित्तूर मागं पडल्यावर तो एकदाच म्हणाला, सावली करून ठेव, दुपारचं ऊन लई लागतंय त्यांना. टीचरनी होकार दिला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

सुट्टीच्या दिवशी त्या धारवाडला जायच्या. सुरुवातीला दोन-तीन फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायच्या. तो ती हातात घ्यायचा, मग बाकावर बाजूला ठेवायचा. नंतरच्या खेपेला फुलं नेली तेव्हा त्यानं, जेवायला काय आणलंय, एवढंच विचारलं. त्यानंतर त्यांनी नेली नाहीत. तशी झाडंही संपत आलीच होती.

उन्हाळ्यात उपेंद्र घरी आला. अंगानं भरला होता, दाढी केलेली. गोळ्या वेळेवर, टीचरच्या समोर घ्यायचा. मामेभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याला बसवलं. नट-बोल्ट वेगळे करायचे, गिऱ्हाईकाला काढून द्यायचे. रोज जायला लागला. आरोहीला रस्त्यात भेटला की खिशातून चॉकलेट काढून द्यायचा आणि तिच्या कपाळाकडं न बघता पुढं जायचा. गल्लीला हायसं वाटलं. टीचर तुमचे कष्ट फळाला आले, असं लोक म्हणू लागले. आम्हीही म्हणालो.

पावसाळ्यात गड्ड्यांना कोंब आले. टीचरनी त्याला हाक मारून दाखवले. त्यानं बघितलं. “तू कर की, आक्का,” म्हणाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. टीचरनी एकटीनं कटिंगं लावली. त्यातली थोडी जगली, आली तशी फुलंही आली, बरी होती. उपेंद्र त्यांच्या बाजूनं दुकानाला जायचा, यायचा. एकदा टीचरनी न राहवून विचारलं, तुला ते सगळं आठवतंय का.

“आठवतंय,” तो म्हणाला. “पण दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटतंय.”

त्या थंडीत एकदा टीचर आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. चहा निवून गेला होता. माझ्या बायकोला म्हणाल्या, “सगळे म्हणतात, भाऊ परत मिळाला. मिळाला, व्हय. तो बरा आहे, जेवतोय, झोपतोय, मला आणि काय पाहिजे? पण त्या वर्षीचा माझ्याशी बोलायचा गं. तो आजार होता म्हणतात डॉक्टर. असेल. मी त्याला आजारातच ओळखलं म्हणायचं.” टीचरनी चहा तसाच ठेवला आणि घरी गेल्या.

यंदा फुलं संपल्यावर त्यांनी गड्डे काढून वाळूत ठेवले नाहीत. कुंड्या होत्या तिथंच राहिल्या. जूनमध्ये इकडचा पाऊस सुरू झाला, तो दिवसेंदिवस उघडला नाही, कुंड्यांत पाणी साचून राहिलं आणि गड्डे आतल्या आत सडले. मधल्या भिंतीवरून तो वास आमच्याकडं यायचा.

पाऊस जरा थांबल्यावर एका सकाळी उपेंद्र म्हणाला की दुकानाला जायला त्यानं सायकल घ्यायचं ठरवलंय, अंगणात ती ठेवायला जागा नाही, तेव्हा या कुंड्या काढायच्या का. टीचर म्हणाल्या, काढू या.

दोघांनी मिळून काढल्या. कुंडी जड असली की तो टीचरच्या हातातून घेत होता, सावकाश, त्यांच्या कमरेला त्रास होऊ नये म्हणून. माती त्यांनी कंपाउंडच्या भिंतीलगत ओतली आणि रिकाम्या कुंड्या एकात एक घालून मोरीच्या मागं लावल्या. मग उपेंद्रनं अंगण झाडलं, हातपाय धुतले, आणि दुकानाला उशीर होतोय म्हणून डबा मागितला.