ओळख विचारणारी आत्या

माझ्या धाकट्या आत्याला 'कशी आहेस?' असं सहज विचारण्याची हिंमत असलेला माणूस पिंपळे सौदागरात आता उरलेला नाही. विचारलंच, तर ती म्हणते, "कोण? कॉलेजातली मी, घरातली मी, की तुला वाटते ती मी?" मग हातातल्या पिशवीतलं दूध नासेपर्यंत विचारणाऱ्याची सुटका होत नाही.

आत्या सामाजिक मानसशास्त्राची प्राध्यापिका. माणूस स्वतःला काय समजतो आणि कोणासमोर काय म्हणवून घेतो, हा तिच्या जन्माचा अभ्यास, आणि तो ती वर्गात ठेवून येत नसे. रिक्षावाला "मी लातूरचा" म्हणाला, की इतकी वर्षं इथे काढून अजून लातूरचाच कसा, यावर बोलणं रंगे आणि वाकडला उतरायचं राहून जाई. मला बघायला आलेल्या मुलाला तिने पोह्यांची बशी देता देताच विचारलं, "नोकरी, फ्लॅट, गाव, आडनाव बाजूला ठेवलं, तर तुमचं काय उरतं?" माझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. मुलगा बशी खाली ठेवून म्हणाला, "उरतं ते थोडं घाबरट आहे." त्याच्याशीच माझं लग्न झालं.

सुट्टीच्या दिवशी ती कुरुळीला जाई. बीड-परभणीकडून चाकणच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांच्या खोल्यांत बसून त्यांना बोलतं करी. कोणी स्वतःला अजून शेतकरी म्हणे, कोणी कंपनीचा माणूस, कोणी नुसतंच 'बाहेरचा'. तुमचं बोलणं माझ्यापाशीच राहील, असा शब्द तिने प्रत्येकाला दिला होता. पुढे एका कंपनीचे साहेब कॉलेजात आले. संशोधनाला मदत द्यायला ते तयार होते. फक्त कोण काय बोललं ते त्यांना हवं होतं. कंपनीला आपली न मानणारा उद्या युनियनमध्ये जाईल, असा त्यांचा हिशेब. प्राचार्यांनी समजावलं, "मॅडम, विभागप्रमुखपद तुमच्याकडेच येतंय. जरा जुळवून घ्या." आत्या म्हणाली, "सर, ती माणसं माझ्याशी बोलली, कंपनीशी नाही." मदत गेली, पद दुसऱ्याला मिळालं, त्या कामगारांवरचं तिचं पुस्तक रखडलं ते रखडलंच. पद गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी तिने वांग्याचं भरीत केलं आणि कोणालाच काही विचारलं नाही, तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

आता ती निवृत्त झालीय. परवा कुरुळीहून एक मुलगी पत्ता शोधत आली. तिचे वडील आत्याशी बोललेल्या कामगारांपैकी एक. तिने नुकताच मानसशास्त्राला प्रवेश घेतलेला. "मॅडम, आधी पप्पा शिफ्टवरून आले की जेवून झोपायचे. तुम्ही बोलून गेलात, त्या दिवशी ते आम्हाला गावाकडचं सांगत बसले. आजोबांचं, विहिरीचं. मी लहान होते, पण हेच शिकायचं असं तेव्हाच मनात बसलं." मग जरा घुटमळून तिने विचारलं, "पप्पांनी तुम्हाला स्वतःबद्दल काय सांगितलं होतं?"

आत्या हलकेच हसली. "ते त्यांनाच विचार, बाळ. तुला सांगतील."

मुलगी गेली. मी तिचा चहाचा कप उचलायला वाकले, तर आत्या दाराकडे बघत म्हणाली, "राहू दे जरा वेळ."