मूकपटाच्या पाट्या वाचताना

एडिनबरातल्या आमच्या फिल्म सोसायटीत मी पाट्या वाचते. जुन्या जर्मन मूकपटांत मध्येमध्ये संवादांची पाटी येते. पियानोवाल्याशेजारी बसून तिचं इंग्रजी भाषांतर मोठ्यानं वाचायचं, एवढंच काम. नियम एकच, वाचताना नाटक करायचं नाही. ते पडद्यावरच्या माणसानं आधीच केलेलं असतं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका दुपारी पहिल्या रांगेत नव्वदीच्या एक बाई होत्या. त्या दिवशीच्या सिनेमात खलनायक झालेल्या नटाची मुलगी. वडिलांना त्यांनी मोठ्या पडद्यावर कधीच पाहिलं नव्हतं, त्यासाठी त्या थेट ब्रिस्टलहून आल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी दोन मिनिटांत वडिलांची सगळी कारकीर्द सांगितली. तिशीच्या आत नाव झालं, लोक रस्त्यात ओळखायचे. मग बोलपट आले आणि कामं थांबली. पुढे ज्यू म्हणून देश सोडावा लागला. इथे येऊन हॉटेलात पोर्टर झाले, लोकांच्या बॅगा उचलत म्हातारे झाले.

हे सगळं मी कान देऊन ऐकलं होतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

तिसऱ्या-चौथ्या पाटीला, खलनायकाच्याच, माझा उच्चार जरा जड पडला आणि मागून कोणीतरी हसलं. ऑफिसात वीस वर्षं ‘सॉरी, कम अगेन?’ ऐकत आलेली मी. आज उच्चार माझाच होता, पण हसणं दुसऱ्याच्या वाट्याला जात होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. चढले हरभऱ्याच्या झाडावर! त्याच्या प्रत्येक पाटीला घशातून खरखरीत, तुटकं, परकं इंग्रजी काढू लागले. त्याचे मोठे डोळे, थरथरते हात, सगळ्यावर हॉल खो-खो हसत राहिला. तो मरतो त्या प्रसंगालासुद्धा.

दिवे लागल्यावर नवरा धावत आला. “अगं, काय परफॉर्मन्स दिलास! ऑडियन्स लिटरली लोळत होता.”

त्याच्या मागून काठी टेकत त्या बाई आल्या.

“बोलपट आले तेव्हा बाबांच्या आवाजाची टेस्ट घेतली होती,” त्या म्हणाल्या. “त्यांचं जर्मन सरहद्दीपलीकडच्या खेड्यातलं. खोलीतले सगळे हसले. लोक कसे हसले ते बाबा घरी आम्हाला करून दाखवायचे. आज मी ते प्रत्यक्ष ऐकलं.” आवाजात राग नव्हता. “असं वाचायचं कोणी ठरवलं?”

‘मी’ म्हणायचं होतं. एक अक्षर. माझ्या तोंडून निघालं, “सोसायटीची पद्धतच आहे तशी. मला तसं सांगितलं जातं.”

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “मग तुमचा काय दोष?” म्हणत त्यांनी माझा हात थोपटला. “सांगतील ते करावं लागतं. बाबांनीही आयुष्यभर तेच केलं.”

मी त्यांना “थँक यू” म्हणाले.