डिरेक्टरीतून बापूची नोंद काढताना

आज दुपारी मी बापूला सर्व्हरवरून काढून टाकलं.

बापू आमच्या संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर. मूळचा कर्जतकडचा. सोमवारी सकाळी हार्ट अटॅकने गेला.

आमच्या सगळ्या कॉलेजांची लॉगिन ज्या डिरेक्टरी सर्व्हरवर चालतात, तो या वर्षी मधूनच कोसळायचा.

साहेब म्हणायचे, "रीस्टार्ट करा, विषय संपवा."

बापू म्हणायचा, "साहेब, पडलेल्याला लगीच उठवून हाकललं, तर कुठं लागलंय ते कसं कळनार?"

कारण पकडायला जास्तीचं लॉगिंग, म्हणजे सर्व्हरने आपली प्रत्येक हालचाल फाईलमध्ये लिहून ठेवणं, चालू केलं की तो क्रॅश व्हायचाच नाही.
"लाजतंय ते आपल्याला!" बापू म्हणायचा.

एक दिवस त्याने बोर्डवर स्वतःचंच पूर्ण नाव लिहिलं.

"ताई, तुमी एक थ्रेड, मी दुसरा. वाचा."

मी वाचायला लागले. आडनावापर्यंत पोचायच्या आत त्याने तळहाताने बोर्ड पुसला.

"वाचा की!"
"काय वाचू? पुसलंस ना."
"सर्व्हर बी हेच म्हनतोय."

एक थ्रेड, म्हणजे सर्व्हरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक, कुणाची तरी नोंद वाचत असताना दुसरा तीच मेमरीतून काढत होता, म्हणून सर्व्हर पडायचा. एवढंच.

मग त्याने दुरुस्ती लिहिली. शेवटचा वाचणारा बाहेर पडेपर्यंत नोंद काढायची नाही. तोवर लॉगमध्ये एक ओळ टाकायची.

ती ओळ त्याने त्याच्या बोलीत लिहिली. मी म्हटलं, इंग्रजीत लिही.

"वाचनार कोन हाय? तुमी आन् मीच."

शनिवारी दुरुस्ती सर्व्हरवर चढवली. त्यानंतर कुणाचीच नोंद काढायची वेळ आली नव्हती.

आज संस्थेच्या मुख्य ऑफिसमधून फोन आला. नियमाप्रमाणे बापूचं खातं आजच बंद करा.

आज प्रवेशाचा शेवटचा दिवस. सर्व्हर पडला असता तर सगळ्या कॉलेजांत पोरं खोळंबली असती.

आधी एखादी खोटी नोंद काढून बघता आलं असतं. मला सुचलं नाही, की बघायचंच नव्हतं, अजून ठरवता येत नाही.

बटण दाबलं.

लॉगमध्ये ओळ आली.
"थांबा, कुनीतरी वाचतंय."

कोण वाचत होतं? बहुधा घरी चालू राहिलेला त्याचाच मोबाईल, याच लॉगिनने मेल तपासत असेल. शोधता आलं असतं. शोधलं नाही.

मग नोंद गेली.

सर्व्हर पडला नाही. लॉगिन चालू राहिली. कुणाला काही कळलंही नाही.

मी सवयीने शेजारच्या टेबलाकडे बघून म्हटलं, "चाललं रे."

बापू, शेवटचा नमस्कार.