कोटाची एक बाही

वरसे गावात राहून मी फोटोवरून तसबिरी रंगवायचो. माझा हात सावकाश आणि गिऱ्हाईक कायम घाईत, त्यामुळे टाळकं सदा तापलेलं. मनासारखं उतरल्याशिवाय काम द्यायचं नाही, हा माझा हट्ट.

शेजारचे काका वारले. धाटावच्या कंपनीत जन्मभर शिफ्ट केली माणसाने. दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा काही शिवेना. थोरल्या मुलाने हात जोडून सांगितलं, बहिणीचं लग्न लावून देऊ. नाय. घरावर स्लॅब टाकू. नाय. कावळे झाडावर ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, भटजी कपाळ पुसायला लागले, आणि थोरल्याची नजर माझ्यावर पडली. तसा तो पिंडाकडे वळून बापाला म्हणाला,

"अण्णा, तुमची मोठ्ठी तसबीर करतो! कोट घालून!"

कावळ्याने झडपच घातली.

"तेराव्याला भिंतीवर हवी," थोरला म्हणाला.

"अरे, ऑइलपेंट हाय, वाळायला नको? चार दिवस जास्त दे."

"मग तेरावं काय सतराव्याला घालू?"

कपाळ माझं! त्याच संध्याकाळी कामाला बसलो.

काकांनी उभ्या आयुष्यात कोट घातला नव्हता. घरात फोटो एकच, तोही ओट्यावर बनियनवर बसलेला. म्हटलं, चेहरा, गळा, खांदे आधी फोटोबरहुकूम उतरवू, बनियनसकट, आणि वरून कोट चढवू. चेहऱ्यातच रमलो. डोळ्यांतला मिश्कीलपणा काही केल्या येईना, पुन्हा पुन्हा पुसला. कोटाला हात घातला तर काळा रंग संपलेला. तो आणायला पेणला गेलो, त्यात दिवस गेला. तेराव्याच्या सकाळी कोटाची एकच बाही झाली होती. दुसऱ्या खांद्यावर सरळ बनियन!

थोरला दारात उभा राहून "झाली का, झाली का" करत होता. शेवटी मीच झेंडूचा जाडजूड हार आणला, तसबीर गळ्यापासून खाली झाकली आणि त्यांच्या भिंतीवर टांगली. वचन मेलेल्या माणसाला दिलेलं. कळलं असतं तर थोरल्याने मला कुंडलिकेत बुडवलंच असतं.

काकी गंध लावायला पुढे आल्या. हार आडवा येत होता म्हणून त्यांनी तो सरकवला. ओल्या रंगाला चिकटलेल्या पाकळ्या तेवढ्या मागे राहिल्या.

"हे काय? अर्धाच कोट?" थोरला ओरडला. मी दाराकडे सरकलो.

काकी बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून खदखदून हसल्या.

"गप रे! शिफ्ट करून आले की असेच बसायचे. शर्टाची एक बाही काढायची नि चहाला हाक मारायची. दुसरी बाही चहा झाल्यावर."

मी चाचरत म्हटलं, "काकी, उद्यापर्यंत कोट पुरा करतो."

"नको करू. चहा व्हायचाय अजून."

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. त्यांनी डोळे पुसले आणि उठल्या.

"बस तू. ह्यांच्याबरोबर तुझाही टाकते."